लेक व्ह्यू

आमच्या ऑफिसात खिडकीजवळच्या सीटसाठी जे राजकारण चालतं ना, ते मंत्रालयातसुद्धा चालत नसेल. कारण एकच. लेक व्ह्यू! पवई, नववा मजला, काचेची भिंत आणि खाली पसरलेला तलाव. मला ही सीट तीन अप्रेझल्स आणि एका सहकाऱ्याच्या राजीनाम्यानंतर मिळाली. तेव्हापासून माझ्या निम्म्या फोटोंच्या मागे हा तलाव आहे.

परवा नवीन जॉइन झालेला एक मुलगा कॉफीचा मग घेऊन माझ्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "सॉलिड यार! खाली क्रिकेटचं ग्राउंडपण आहे?"

मी वाकून बघितलं. तो ज्याला ग्राउंड म्हणत होता, तो तलावच होता. म्हणजे तलावावर पसरलेली जलपर्णी. हिरवीगार, सपाट, एकदम कापल्यासारखी. ऑफिसभर हा जोक फिरला. रात्री जेवताना मी बाबांनाही सांगितला.

बाबा हसले नाहीत. आमटीत पोळी बुडवता बुडवता म्हणाले, "कुठल्या बाजूला गं? धरणाच्या भिंतीकडे की आयआयटीकडे?"

मला सांगता येईना. तीन वर्षं रोज नऊ तास त्या पाण्यासमोर बसते मी. तलावाला धरणाची भिंत आहे हेच मला माहीत नव्हतं!

आता थोडं बाबांबद्दल. बाबा कांजूरमार्गच्या एका कारखान्यात फिटर होते. आमच्या माळ्यावर जुन्या गाद्यांच्या मागे एक लांब, कापडात गुंडाळलेली वस्तू आहे. लहानपणापासून मला वाटायचं, पडद्याचा दांडा असेल. त्या रात्री कळलं, ती गळाची काठी आहे. रिळासकट. कारखान्याचे फोरमन पवईच्या गळवाल्यांच्या संस्थेचे मेंबर होते. त्यांच्या ओळखीवर बाबा सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या बसने तलावावर जायचे. लग्नाच्या आधी जायचे, नंतर जायचे, मी झाल्यावरही काही वर्षं गेले. मग थांबले. का थांबले, हे कधी कोणी विचारलं नाही.

थोडी जनरल नॉलेज, पटकन. मुंबईला पाणी पुरवायला इंग्रजांनी विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) बांधले, त्यानंतर १८९०-९१ मध्ये पवई. दोन टेकड्यांमध्ये भिंत घालून. पण इथलं पाणी पिण्यायोग्य नाही असं लवकरच ठरलं, आणि ते कारखान्यांना आणि आरे कॉलनीला द्यायला लागले. पिण्याचं पाणी नाही म्हटल्यावर लोकांचं लक्ष उडालं. गळवाल्यांचं मात्र बसलं! पुढे काठावर आयआयटी आली, मग टॉवर्स आले, मग आपण आलो. कॉफीचा मग घेऊन.

"मासे पकडायचं काय एवढं कौतुक?" मी म्हटलं. झालं! रात्री साडेअकरापर्यंत बाबा थांबले नाहीत. अख्ख्या वर्षात बोलत नाहीत एवढं बोलले.

बाबांचा फंडा असा : तलाव म्हणजे तीन मजली चाळ. वरच्या मजल्यावर कटला. तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. मधल्या मजल्यावर रोहू. आणि तळमजल्यावर मृगळ, चिखलात तोंड खुपसून. गळवाल्याने आधी ठरवायचं, आज कोणाच्या दारावर टकटक करायची. त्याप्रमाणे गळ किती खोल सोडायचा ते ठरतं. आमिषाची रेसिपी प्रत्येकाची वेगळी. शेंगदाण्याची पेंड, भाजलेलं बेसन, पावाचा लगदा, आणि एक 'सिक्रेट' वस्तू. बाबांची सिक्रेट वस्तू होती बडीशेप. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "तरीच माझी बडीशेप पुरायची नाही!" पस्तीस वर्षांनी केस क्लोज.

आणि मग वाट बघायची. सहा तास, आठ तास. फोन नाही, मेल नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या एका बुचाकडे बघत बसायचं. "कंटाळा नाही यायचा?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "अगं, कंटाळा यायला दुसरं काहीतरी आठवावं लागतं."

हे वाक्य मी डेस्कवर चिकटवणार आहे.

पुढच्या रविवारी मी बाबांना घेऊन तलावावर गेले. काठी नको म्हणाले. गर्दीतून, रिक्षातून उतरून, काठाने चालत चालत त्यांच्या जुन्या जागेपाशी आलो. बाबा कठड्याला धरून उभे राहिले. वासाबद्दल मी लिहीत नाही. तुम्ही पवईत काम करत असाल तर तुम्हाला माहीत आहे, आणि नसाल तर जेवण झालेलं असेल.

तिथे अजून एक आजोबा उभे होते. डोक्यावर हॅट, पायात कॅनव्हासचे बूट. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोन मिनिटांत कळलं की दोघंही गळवाले. मग काय, जुगलबंदी! बाबांचा कटला आठ किलोचा, तर आजोबांचा अकरा. बाबांनी रोहूला वीस मिनिटं खेळवलं, तर आजोबांनी पाऊण तास. बाबांनी एकदाच महाशीर बघितला होता, तोही दुसऱ्याच्या गळाला. आजोबांनी अर्थातच स्वतः धरला होता! वाहत्या, स्वच्छ पाण्यातला हा मासा, गळवाल्यांचा सुपरस्टार. मी मनातल्या मनात सगळ्या वजनांना दोनने भागत होते.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. माशांच्या बाबतीत दोघांचा एकही आकडा जुळत नव्हता. पाण्याच्या बाबतीत एकही शब्द वेगळा नव्हता. उन्हाळ्यात इथून तिथपर्यंत तळ दिसायचा. या दगडावर बसून डबा खायचो आणि याच पाण्यात हात धुवायचो. नंतर एका वर्षी मृगळ कमी झाला. मग पहाटे पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. मग गळाला नुसती चिलापी यायला लागली. दोघांनी वेगवेगळ्या काठावर बसून बघितलेली, पण क्रम अगदी सेम.

मी घरी येऊन थोडं वाचलं, तर हा क्रम पुस्तकातल्यासारखा निघाला. सांडपाणी तलावात आलं की सोबत नायट्रोजन आणि फॉस्फरस येतो, म्हणजे जलपर्णीला फुकटचं खत. ती पसरली की खाली ऊन जात नाही. कुजली की पाण्यातला प्राणवायू खाते. प्राणवायू सर्वांत आधी संपतो तळाशी. म्हणजे बाबांच्या चाळीतला तळमजला आधी रिकामा होतो. रात्रभरात उरलासुरला प्राणवायू कमी झाला की पहाटे मासे श्वासासाठी वर येतात. शेवटी टिकते ती १९५२ मध्ये आपल्या देशात आणलेली परदेशी चिलापी, जी कमी प्राणवायूतही जगते आणि भराभर वाढते. आणि रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या पाण्यात अंडी घालणारे मासे. साचलेल्या तलावात ते सहसा आपोआप वाढत नाहीत. त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, कोणीतरी आणून सोडावी लागतात. म्हणजे गळवाल्यांची ती सगळी धमाल कोणीतरी वर्षानुवर्षं मुद्दाम सांभाळलेली होती.

डॅनियल पॉली नावाच्या मासेतज्ज्ञाने १९९५ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. प्रत्येक पिढी स्वतःच्या तरुणपणी जे बघते, त्यालाच नॉर्मल धरते. पुढची पिढी त्याहून वाईट बघते, आणि तिला ते नॉर्मल वाटतं. मला हे वाचून आमच्या ऑफिसातला तो मुलगा आठवला. त्याच्यासाठी तलाव म्हणजे ग्राउंड. माझ्यासाठी तलाव म्हणजे वॉलपेपर. आणि बाबांसाठी तीन मजली चाळ, प्रत्येक भाडेकरूच्या नावासकट.

२०२२ मध्ये हायकोर्टाने या तलावाच्या काठावरचा सायकल ट्रॅक बेकायदा ठरवला, तेव्हा आमच्या ऑफिसात जोरदार डिबेट झाली होती. सायकल हवी की मगर हवी? (हो, इथे मगरी आहेत.) मीही तावातावाने बोलले होते. पण काठावर काय असावं यावर भांडणाऱ्या आमच्यातल्या एकालाही पाण्याच्या आत काय होतं ते माहीत नव्हतं. तासन्‌तास पाण्याकडे बघणारी माणसं शहरात फक्त हीच होती. ती आता सत्तरीच्या पुढे आहेत, आणि आपण त्यांना थापाडे म्हणून सोडून देतो.

परत येताना रिक्षात मी शेवटी विचारलंच. "बाबा, तुम्ही का थांबलात?"

"एक दिवस मोठा रोहू लागला," ते म्हणाले. "घरी आणला. तुझ्या आईने कापला आणि म्हणाली, याला वास येतोय. टाकून दिला. मासा मारून टाकून द्यायचा, हे काय बरं नाही. म्हणून थांबलो."

मग मी एक उद्योग केला. आमची सोसायटीही याच भागातली, त्यामुळे मीटिंगमध्ये उभी राहिले आणि विचारलं, आपल्या बिल्डिंगचं सांडपाणी नक्की कुठे जातं? एक मिनिट शांतता. मग सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, पार्किंगचा विषय आधी घेऊ या." पार्किंगचा विषय सव्वा तास चालला. माझा प्रश्न पुढच्या मीटिंगवर गेलाय. मी पण फिटरची मुलगी आहे, पाइप कुठे जातो ते शोधल्याशिवाय सोडणार नाही. तुम्हीही विचारून बघा. फार काही नाही, एकच प्रश्न आहे.

आणि घरी कोणी गळवाले काका, मामा, आजोबा असतील तर त्यांना बोलतं करा. माशाचं वजन दोनने भागा. पाण्याबद्दल जे सांगतील, ते मात्र जसंच्या तसं लिहून ठेवा.

त्या दिवशी बाबांना मी ऑफिसची बिल्डिंगही लांबून दाखवली. "ती नववी काच माझी. लेक व्ह्यू म्हणतात त्याला. जाम डिमांड आहे."

बाबांनी आधी काचेकडे बघितलं, मग तलावाकडे, मग माझ्याकडे.

"आम्हाला लेक व्ह्यू घरातच आहे," ते म्हणाले. "तू जरा खाली बघत जा."

सोमवारपासून बघतेय. ग्राउंड धरणाच्या भिंतीकडे आहे, बाबा. आणि सकाळी नऊच्या सुमाराला त्याच्या कडेला एक बगळा येतो.