पुढील आदेश होईपर्यंत

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस


रत्नागिरी जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी शाळेत मला दाखविण्यात आलेल्या हजेरीपटाची हकीकत प्रथम निवेदन करतो. 2020 च्या उन्हाळ्यात कशेडी घाट ओलांडून गावी परतलेल्या चाकरमान्यांसाठी ती शाळा विलगीकरणास दिली गेली, आणि नोंदीला दुसरी वही हाताशी नसल्यामुळे गुरुजींनी मुलांच्या हजेरीपटाची मागची कोरी पाने त्या कामी लावली. डावीकडे नाव, पुढे चौदा दिवसांची चौदा घरे, आणि हजर-गैरहजरच्या खुणेऐवजी ताप-खोकल्याची नोंद. पहिल्या पानावरचे अक्षर कित्त्यासारखे वळणदार आहे. शेवटच्या पानावरचे त्याच हाताचे आहे, हे मला विचारून घ्यावे लागले.

या गुरुजींचा दिवस ग्राम कृती दलात उजाडे, सप्टेंबरपासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या पाहणीसाठी घरोघर तापमान आणि प्राणवायू मोजण्यात दुपार सरे, आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे वचन पाळण्यासाठी संध्याकाळी ते सड्यावर चढत, कारण फोनला रेंज तेवढ्या कातळावरच मिळे. रात्री दहानंतर मोबाइलवर ‘तात्काळ’ शेऱ्याचा एखादा तक्ता येई. (तात्काळ नसलेला तक्ता आपण कधी पाहिलात काय?) मंडणगड-दापोलीकडे तर 3 जूनच्या निसर्ग चक्रीवादळाने शाळांची छपरेही नेली होती.

शिक्षकांना या कामांतून वगळावे, अशी माझी मागणी नाही. साथ आली म्हणजे गावाला लिहिता-वाचता, विश्वासाचा माणूस लागतोच. आणि शिक्षणहक्क कायदा, 2009, याच्या कलम 27 ने जनगणना आणि निवडणूक यांच्या जोडीला आपत्तिनिवारणाचे कामही शिक्षकाकडे देण्यास मुभा ठेवली आहे. परंतु जनगणना संपते, निवडणुकीचा निकाल लागतो. आपत्तीला मात्र मुदत नाही, आणि म्हणून तिच्या हुकुमात ‘पुढील आदेश होईपर्यंत’ हे तीन शब्द निर्वेधपणे राहतात. माणूस कष्टाने तितका खचत नाही, जितका कष्टाचा शेवट दिसेनासा झाल्याने खचतो. कोरोनाच्या कामावर असताना मृत्यू आल्यास वारसांना 50 लाख रुपयांचे सानुग्रह साहाय्य देण्याची तरतूद शासनाने केली, ती योग्यच होती. पण जिवंत राहून जो पार शिणला, त्याच्यासाठी सरकारी दप्तरात एखादा रकानाही नाही.

तरी विनंती अशी की, आपत्तिकार्याच्या प्रत्येक आदेशात कार्यमुक्तीचा दिनांक लिहिला जावा, मुदतवाढ द्यायची तर सकारण द्यावी, आठवड्यातील एक दिवस मोबाइलवरील हुकुमांसह पूर्ण मोकळा असावा, आणि केलेल्या कामाची नोंद सेवापुस्तिकेत व्हावी. यासाठी कायद्यात दुरुस्ती नको. आपल्या खात्याचा एक शासननिर्णय पुरेसा आहे.

कळावे,
आपला,
एक रत्नागिरीकर