अंगणवाडीचा उंबरा

घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरची एखादी अंगणवाडी. सेविकाताई बाळाच्या दंडाला पट्टी गुंडाळतात. घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला की तीव्र कुपोषणाची खूण असलेला लाल रंग दिसतो आणि आईचा चेहरा उतरतो. ताई धीर देतात, आरोग्य केंद्रात पाठवतात, समजावतात: सहा महिन्यांनंतर दुधासोबत मऊ वरणभात, घोटलेली भाजी, वर चमचाभर तेल. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचे खरे बळ या बोलण्यात आहे. अंगणवाडीतून मिळालेला शिधा महिन्यात संपतो. शिकलेले मात्र आई पुढच्या बाळासाठीही वापरते. म्हणूनच अंधेरी ते मुलुंड, प्रत्येक वस्तीतल्या अंगणवाडीला हक्काची जागा आणि ताईंना पुरेसे मानधन मिळालेच पाहिजे.