फवारणीवाल्याला दारुडा ठरवू नका

आम्ही सरकारी दवाखान्यात नोकरीला होतो तेव्हा फवारणीच्या दिवसांत हे हमखास व्हायचे. तोंडाला फेस, अंग घामाने ओलेचिंब, बोलणे अडखळते असा मजूर आणला जाई आणि बाकड्यावरचा कुणीतरी म्हणे, "पिऊन आलाय." एकदा आम्हीही तसेच समजलो होतो. मग डोळ्यांवर बॅटरी मारली, तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या! नुसत्या दारूने असे होत नाही.

मेंदूत आणि नसांत निरोप पोचवायला अ‍ॅसिटिलकोलिन नावाचे रसायन असते. निरोप पोचला की ते लगेच तोडणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, तिथे असते. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके हे विकरच जखडून टाकतात. रसायन साचत जाते, निरोप थांबतच नाही. म्हणून लाळ, जुलाब, स्नायूंची फडफड, झटके आणि शेवटी श्वास बंद. म्हातारपणच्या विसराळूपणावरची डोनेपेझिल गोळीही हेच विकर अडवते, पण मोजून, आणि तिची पकड सुटते. कीटकनाशकाची सहजी सुटत नाही.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो भरती झाले. तेव्हाही मास्क का लावला नाही, हे मजुरालाच विचारले गेले. आमचे म्हणणे, पंप मालकाचा, औषध मालकाचे, मग मास्क आणि हातमोजे मजुराने रोजीतून का आणावेत? फवारणाऱ्याला संरक्षक कपडे हवेत, हे 1971 च्या कीटकनाशक नियमांतच आहे. आपली पोरं मात्र उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडावर फवारतात.

कुणाला त्रास झाला तर आधी कपडे काढा, अंग आणि केस साबणाने धुवा, पण स्वतः हातात पिशवी घालून. उलटी करवू नका. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा. औषधाचा डबा सोबत न्या आणि "फवारणी करत होता" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

यावर अ‍ॅट्रोपीनचे इंजेक्शन लागते, तेही एक-दोन नव्हे, पुन्हा पुन्हा. तेव्हा हंगाम सुरू व्हायच्या आधीच वस्तीतल्या चार-पाच बायांनी मिळून आरोग्य केंद्रात जा आणि विचारा, अ‍ॅट्रोपीन किती शिल्लक आहे? रजिस्टर दाखवायला सांगा.