गाडीचा अर्थ

गेल्या महिन्यात रत्नागिरीचं लग्न आटोपून मिरजेला परतताना आमची ट्रॅव्हलर आंबा घाटात बंद पडली. गाडी बंद पडणं ही काही या सदरात लिहिण्यासारखी गोष्ट नव्हे, कुणाची पडत नाही? पण त्या संध्याकाळी गाडीत आम्ही नऊ जण होतो, त्यात पाच लहान मुलं आणि सत्तरी ओलांडलेल्या अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई. आणि त्या अर्ध्या तासात जे व्हायचं राहिलं ते आमच्या हलगर्जीपणामुळे होणार होतं, नशिबामुळे नव्हे. म्हणून लिहिते.

आधी गाडीविषयी. सासऱ्यांनी घेतलेली १९९८ सालची बजाज टेम्पोची ट्रॅव्हलर. (कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं ते पुढे, २००५ मध्ये.) डिझेल इंजिन, मूळ मर्सिडीजच्या धाटणीचं, जुन्या पद्धतीचं. ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. सीटांवर फळ्या टाकल्या की झोपायची सोय होते. छताला पंखा, दोन एलईडी पट्ट्या, अम्मींच्या इन्शुलिनसाठी बारा व्होल्टवर चालणारा कूल बॉक्स, आणि सगळ्यात मागे शेगडी नि सिलिंडर. परदेशात अशा गाडीला मोटरहोम म्हणतात. आमच्या मुलांनी तिचं नाव ‘चालतं घर’ ठेवलंय. घर म्हटलं की घरासारखीच वागणूक मिळते. पडदे नवे, सीटकव्हर नवे, आणि भिंतीच्या आतली वायर कशी आहे ते कुणी पाहत नाही.

साखरपा सोडलं तेव्हा अस्र होऊन गेली होती. चढ लागला तशी गाडी ओढेना. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन गुदमरल्यासारखं करायचं, सोडला की पुन्हा चालायचं. तिसऱ्या-चौथ्या वळणावर बंदच पडली. यांनी उतरून इंजिनाजवळचा छोटा हातपंप मारला, डिझेल वर आलं, गाडी सुरू झाली. किलोमीटरभर चालली आणि पुन्हा बंद. पुन्हा पंप, पुन्हा स्टार्टर. प्रत्येक वेळी स्टार्टर आधीपेक्षा जड फिरत होता.

चौथ्या खेपेला माझ्या धाकटीने मागून हाक मारली, “अम्मी, काहीतरी जळतंय.”

मागच्या सीटखालून धूर येत होता. कूल बॉक्सची वायर तापून तिचं प्लॅस्टिक वितळत होतं, आणि तिथून हातभर अंतरावर सिलिंडर. मुलांना खाली उतरवलं, अम्मींना दोघांनी धरून उतरवलं. यांनी बॅटरीवरून ती वायर हातानेच ओढून काढली. तळहाताला फोड आला तो आठ दिवस राहिला. धूर थांबला. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो आणि कुणी काही बोलत नव्हतं. अम्मी तेवढ्या दरूद पढत होत्या.

ती वायर कुणी टाकली होती? मोठ्या दिरांच्या मुलाने, मागच्या रमजान ईदच्या आधी. आणि त्याला “आत्ता तात्पुरतं जोडून दे बेटा, नंतर नीट करू” असं कुणी सांगितलं होतं? मी. ते ‘नंतर’ वर्ष उलटलं तरी आलं नव्हतं.

आता डिझेलचं. मागून आलेल्या एका ट्रकच्या ड्रायव्हरने थांबून विचारपूस केली आणि जे केलं त्याने मी थक्क झाले. पाच लिटरच्या कॅनमध्ये त्याने स्वतःकडचं स्वच्छ डिझेल घेतलं, टाकीकडून येणारा पाइप पंपाजवळ सोडवला आणि तिथे दुसरा पाइप लावून तो थेट कॅनमध्ये सोडला. टाकीकडे परत जाणारा पाइपसुद्धा त्याच कॅनमध्ये घातला. म्हणाला, इंजिन जेवढं ओढतं तेवढं सगळं जाळत नाही, उरलेलं परत पाठवतं. हा पाइप बाहेर राहिला तर कॅन बघता बघता रिकामा होईल. हातपंप मारून हवा काढली आणि गाडी घाट एका दमात चढली. (पेट्रोलच्या गाडीत हा उद्योग कुणी, कधीही करू नये. डिझेल पेट्रोलसारखं चटकन पेट घेत नाही म्हणून हे जमतं, आणि तेही अडचणीपुरतं.) पैसे घेतले नाहीत. अल्लाह त्याला बरकत देवो.

कॅनवर गाडी चालली, म्हणजे पंप ठीक, इंजिन ठीक, आणि दोष टाकी ते पंप या दरम्यान कुठेतरी. हे मला मिरजेत आमच्या उस्तादांनी समजावलं. त्यांचं वय साठीचं, शाळा चौथीपर्यंत. रविवारी गाडी त्यांच्या गॅरेजात नेली आणि मीही स्टूल घेऊन बसले. मी उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई, विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. पण ज्या गाडीत माझी मुलं झोपतात तिच्या आत काय आहे ते एकदा डोळ्यांनी पाहायचं, असं घाटातच ठरवलं होतं.

उस्ताद म्हणाले, “टीचर, गाडीने हवा घेतलीय.” मी म्हटलं, गळती तर कुठेच दिसत नाही, खाली एक थेंब नाही. ते हसले. टाकीकडून पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. तिथे चीर पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून जमीन कोरडी असते आणि गाडी मात्र उपाशी. पंपाच्या पुढे गळती असेल तर ओल दिसेल. रात्री गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा शिरते, पाइपातलं डिझेल टाकीत उतरतं आणि सकाळी स्टार्टर मारत बसावं लागतं. आमच्याकडे हे तीन महिने चाललं होतं आणि आम्ही दोष थंडीला देत होतो.

चीर सापडली ती एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाइपात. मागे कधीतरी प्रवासात कुणा मेकॅनिकने रबरी पाइपाच्या जागी पाण्याचा पाइप लावून दिला होता. तोही तात्पुरताच. असा पाइप डिझेलमध्ये राहून कडक होतो, मग क्लिपखाली तडकतो. तडा केसाएवढा होता. सपाट रस्त्यावर इंजिनाची भूक कमी, म्हणून निभावत होतं. चढावर ओढ वाढली आणि डिझेलबरोबर हवा यायला लागली. टाकी उतरवून पाहिली तर तळाशी काळा गाळ, आणि ओढणाऱ्या नळीची जाळी अर्धी बुजलेली. डिझेलचा फिल्टर खोलला तेव्हा तळाशी पाणी निघालं.

दुरुस्तीत चमत्कार काही नाही. टाकी धुतली, जाळी साफ केली, डिझेल-ऑइलला टिकणारा रबरी पाइप आणि चांगल्या क्लिपा घातल्या, फिल्टर बदलला. मग हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सरळ धार. धार आली की पंप दाबलेला असतानाच स्क्रू घट्ट करायचा. हे मी स्वतः केलं. तिथून पुढे नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांना मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही. त्या नळ्यांत वातावरणाच्या शंभरपटीहून जास्त दाब असतो. इंजिन चालू असताना तिथल्या बारीक गळतीसमोर बोट धरलं तर डिझेल कातडी भेदून आत जातं. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पण हात जाऊ शकतो. तसं झालं तर वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा. गाडीला हात लावायची हौस असलेली पोरं तुमच्या घरात असतील तर त्यांना एवढं नक्की सांगा.

दुपारी जेवण आणि जोहर झाल्यावर वायरिंग घेतलं. उस्तादांनी मीटर लावला, स्टार्टर मारला आणि मान हलवली. “या गाडीचा अर्थ गेलाय.”

भाषेच्या शिक्षिकेला याहून मोठा धक्का काय बसणार! त्यांचा ‘अर्थ’ म्हणजे जाड वेणीसारखी ती तांब्याची पट्टी, जी इंजिनाला गाडीच्या सांगाड्याशी आणि बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडते. गाडीत वीज एका वायरने जाते आणि परत येते ती सांगाड्याच्या लोखंडातून. ही पट्टी हिरवी पडून निम्मी तुटली होती. स्टार्टर शेकडो अँपिअर ओढतो. त्याला परतीची सरळ वाट मिळाली नाही की तो आडवाटा शोधतो, कधीकधी ॲक्सिलरेटरच्या केबलमधूनसुद्धा, आणि ती केबल तापते. बॅटरी कमजोर झाली म्हणून आम्ही दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्या होत्या. दोष चारशे रुपयांच्या पट्टीत होता.

आणि ती जळालेली वायर? फरशीच्या पत्र्याला भोक पाडून ती मागे नेली होती. भोकाला रबरी कडी नव्हती. पत्र्याच्या धारेवर वर्षभर घासून प्लॅस्टिक कापलं गेलं आणि घाटातल्या हिसक्यांनी उघडं तांबं पत्र्याला टेकलं. वायर थेट बॅटरीवरून, मध्ये फ्यूज नाही. अशा वेळी बॅटरी हातचं राखत नाही, आहे तेवढी सगळी ताकद त्या बारीक तारेत ओतते.

फ्यूजविषयी माझी एक समजूत इथे मोडली. मला वाटायचं फ्यूज यंत्राला वाचवतो. उस्तादांचं म्हणणं, फ्यूज वायरीला वाचवतो, म्हणून तो यंत्राजवळ नाही, बॅटरीजवळ हवा, वीतभर अंतराच्या आत. तो मागे कूल बॉक्सपाशी लावला तर मधली चार-पाच मीटर वायर राखणदाराविना राहते. आमचा बॉक्स ४८ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टवर ४ अँपिअर. त्याला अडीच एमएमची वायर आणि १० अँपिअरचा फ्यूज घातला. फ्यूज आणि होल्डर मिळून साठ रुपये झाले. ते साठ रुपये मी किती वेळ हातात धरून बसले होते कोण जाणे.

जुना फ्यूजबॉक्स उघडला तेव्हा दोन ठिकाणी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली निघाली. ती कुणाची करामत, आता कळणार नाही. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालणं म्हणजे घरात ओरडणाऱ्या माणसाचं तोंड बांधणं. जिथे जिथे नुसतं पिळून टेप लावलेला होता तिथे उष्णतेने टेपचा गोंद सुकून वायर उघडी पडली होती. ते सगळे सांधे कापून लग दाबून बसवले, वर स्लीव्ह चढवली.

गंमत नव्हे, पण ऐका. मीटरने पाहिलं तर जुन्या वायरीवर बॅटरीपाशी १२.५ व्होल्ट असताना कूल बॉक्सपर्यंत ११.३ पोहोचत होते. म्हणजे ज्या इन्शुलिनसाठी हा सगळा घाट घातला, ते नीट थंड होतच नव्हतं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, हे छोटे बॉक्स बाहेरच्या तापमानापेक्षा काही अंश खाली नेतात, एप्रिल-मेच्या उन्हात फ्रिजसारखं २ ते ८ अंश टिकवतील असं धरू नका. एक-दोन दिवसांच्या सफरीला बर्फाच्या जेलची पिशवी आणि इन्शुलिन यांच्यामध्ये जाड कापड ठेवून थर्मासच्या डब्यात न्यायचं. बर्फाला थेट टेकवायचं नाही, गोठलेलं इन्शुलिन निकामी होतं. अम्मी हे ऐकून म्हणाल्या, “म्हणजे ती वायर नसती तरी चाललं असतं?” मी गप्प राहिले.

सिलिंडर गाडीतून कायमचा उतरवला. यांची तयारी नव्हती, वाटेत चहा करायची त्यांची जुनी आवड. पण गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खिडकीतून निघून जात नाही, फरशीवर साचतो, आणि आमच्या वायरी त्या फरशीवरूनच जातात. शिवाय घरगुती सिलिंडर हा घरासाठीच दिलेला असतो. आता दोन मोठे थर्मास भरून घेतो. त्या जागी कोरड्या पावडरचं आग विझवायचं नळकांडं बसवलंय, दाराजवळ, हाताशी येईल असं.

पुतण्या त्या रविवारी संध्याकाळी गॅरेजात आला. जळालेला तुकडा मी राखून ठेवला होता, पण त्याला दाखवला नाही. त्याचा चेहरा आधीच उतरलेला होता, आणि चूक त्याच्या एकट्याची नव्हतीच. उस्तादांनी त्याला जवळ बसवून नव्या वायरीचा शेवटचा लग त्याच्याकडून दाबून घेतला, दोनदा. पहिला सैल बसला म्हणून कापून टाकायला लावला.

अजून एक हीटर प्लग कमजोर आहे, सकाळी दोनदा तापवावं लागतं. पासिंग नोव्हेंबरमध्ये आहे, १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी करावं लागतं ते. त्याआधी हँडब्रेक आणि मागचे दिवे पाहून घ्यायचे आहेत. शाळेला सुट्टी लागली की खेडला नणंदेकडे जायचं चाललंय, तेव्हा आदल्या दिवशी उस्तादांकडे एक चक्कर मारून येऊ.