ट्युलिप मेपर्यंत थांबत नाहीत!

युरोपची सहल ठरवताना आपल्याकडे आधी पाहिलं जातं ते मुलांच्या परीक्षांचं वेळापत्रक. परीक्षा आटोपल्या, निकाल लागले की मेच्या मध्यावर मंडळी विमानात बसतात. पॅरिसचा आयफेल टॉवर जागेवर असतो, स्वित्झर्लंडचा बर्फही असतो. हॉलंडच्या क्युकेनहॉफचं फाटक मात्र तोवर बंद झालेलं असतं. फुलांचं हे जगप्रसिद्ध प्रदर्शन मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात उघडतं आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात आवरतं. वर्षाचे जेमतेम आठ आठवडे!

‘सिलसिला’ (१९८१) मध्ये अमिताभ-रेखा ट्युलिपच्या ताटव्यांत गाताना दिसले, तेव्हापासून हा परिसर भारतीयांच्या ओळखीचा आहे. अॅमस्टरडॅमपासून जवळच, लिस्से गावातली ही ३२ हेक्टरांची बाग. क्युकेनहॉफ म्हणजे चक्क ‘स्वयंपाकघराची बाग’. पंधराव्या शतकात काउंटेस जॅकोबाच्या मुदपाकखान्यासाठी इथून भाजीपाला जाई. आजची बाग मात्र व्यापाऱ्यांची. कंद पिकवणाऱ्यांनी आपला निर्यातीचा माल जगाला दाखवावा म्हणून १९४९ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९५० मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तेव्हा वाफ्यातली पाटी जरूर वाचावी. फुलाच्या जातीचं नाव तिच्यावर असतं आणि ते पाहूनच मागणी नोंदवली जाते. सुमारे ७० लाख कंद उत्पादक फुकट देतात, यात नवल ते काय?

हे कंद दर वर्षी नव्याने आणि हाताने लावतात, तेही थंडी पडण्याआधी. एकाच वाफ्यात थरावर थर असतात. उशिरा फुलणारे ट्युलिप सर्वांत खाली, लवकरचे त्यावर आणि इवले क्रोकस अगदी वर. म्हणून मार्चमध्ये पाहिलेला वाफा एप्रिलमध्ये ओळखू येत नाही. ट्युलिपची खरी गर्दी एप्रिलच्या मध्याला. थंडी रेंगाळली तर आठवडाभर पुढे, ऊन लवकर तापलं तर मागे.

कंदाला फुलण्यासाठी तीनेक महिने कडाक्याची थंडी लागते. पुण्या-मुंबईच्या गॅलरीत ती कुठून आणणार? तरीही परतताना पिशवीभर कंद घेण्याचा मोह होतोच. भारतात ते आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो, हे दुकानात कुणी सांगत नाही. आणि पुढे कंद फ्रीजमध्ये ठेवलेच, तर शेजारी सफरचंदं नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या वायूने आतली कळी मरते.

बागेबाहेरच्या शेतांत एक दृश्य नवख्या पाहुण्यांना चटका लावतं. ऐन बहरात यंत्र फिरतं आणि फुलांची मुंडकी छाटून टाकतं! शेतकऱ्याला हवा असतो कंद. फूल काढलं की सगळं बळ खाली उतरतं. अशा शेतात फोटोसाठी घुसणं म्हणजे उभ्या पिकात शिरणं. कंद चिरडतात, बुटांबरोबर रोगही पसरतो. शेतकरी चिडतात ते उगाच नाही.

२०२० च्या वसंतात कोविडमुळे फाटक उघडलंच नाही. कंद आदल्या शरदात लावून झाले होते. फुलं ठरल्या वेळी आली, फुलली आणि गळून गेली. लोकांनी ती घरबसल्या चित्रफितींत पाहिली.

तेव्हा जायचं तर तारखा आधी, विमान नंतर. तिकीट घरूनच काढावं, दिवस आणि वेळ निवडावी लागते. शनिवार-रविवार टाळावा. सकाळी फाटक उघडताच गेलं तर फोटोत फुलं जास्त आणि माणसं कमी येतात. शिफॉल विमानतळावरून थेट बस मिळते.

एवढा खर्च झेपत नसेल तर श्रीनगर आहे. दल सरोवराजवळ, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ मध्ये ट्युलिप उद्यान सुरू झालं. कंद हॉलंडचेच, तिकीट आपल्या रुपयांत. फक्त तिथला हंगाम आणखी लहान, जेमतेम महिनाभराचा. मार्चअखेरीस उघडलेली ही बागही आपल्या शाळांची सुट्टी रंगात येईपर्यंत मिटलेली असते.