पहिली बुडी

पाणबुडीच्या शिक्षणाचे प्रमाणपत्र हाती आले, की नवशिक्याला खोल समुद्र खुणावू लागतो. परंतु पहिल्याच सफरीत खोलीचा हव्यास धरू नये, असे मला वाटते. समुद्रात दर 10 मीटरांवर एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्यामुळे जितके खोल जावे, तितकी पाठीवरच्या टाकीतील हवा लवकर संपते. नवशिक्यांना बहुधा 18 मीटरांची मर्यादा असते, ती उगीच नव्हे. मालवणसारखा उथळ किनारा निवडावा, पावसाळा टाळावा, जाणता सोबती घ्यावा. अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडावा, म्हणून अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास विमानात बसू नये. आणि मुलांनो, समुद्र खवळलेला दिसला, तर खर्चिलेल्या पैशांकडे न पाहता माघारी फिरावे. तेही धैर्यच होय.