साठ की आठ?



मागील खेपेस मळणी यंत्रात हात सापडू नये म्हणून काय काळजी घ्यावी, ते लिहिले होते. त्याच यंत्रापायी आणखी एक अवयव जातो. रक्त येत नाही, म्हणून त्याची वाच्यता होत नाही. तो म्हणजे कान.

आम्हा विस्तार खात्यातल्या माणसांना एक सवय असते. फवारणीचे प्रमाण सांगितले की ते समोरच्याकडून परत वदवून घ्यायचे. आपण पंपाला साठ मिली सांगावे आणि गृहस्थाने 'आठ' म्हणावे, असे घडते. चौकशी केली तर बहुधा वीस-पंचवीस वर्षे ट्रॅक्टर चालवलेला माणूस निघतो. बाजार समितीत लिलावाच्या वेळी अशा माणसाची काय गत होत असेल, ते तुम्हीच ताडा.

असे का होते? आतल्या कानात शंखासारखी वळलेली नळी असते. तीत सुमारे १५ हजार केसपेशी असतात. वाऱ्याने जोंधळा डुलतो तशा त्या आवाजाने हलतात आणि मेंदूला खबर देतात. मोठ्या आवाजाचा मारा रोजचा झाला की त्या आडव्या होतात, आणि एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी मरतात त्या बारीक, उंच आवाजाच्या पेशी. त्यामुळे स, श, फ ही अक्षरे हरवतात, सुनेचे आणि नातवंडांचे बोलणे कळेनासे होते. मात्र बैलाचे हंबरणे नीट ऐकू येते. मग घरात म्हणतात, "सोयीचे तेवढे बरोबर ऐकतात!" हा आरोप खोटा आहे. अशा माणसाशी ओरडूनही उपयोग नसतो. समोर येऊन, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे.

८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही मर्यादा मानतात. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. बिनकेबिनचा ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र बहुधा नव्वदीच्या पुढेच असतात. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागले, तर आवाज घातक समजावा. कापसाचा बोळा पुरत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे इअर प्लग मिळतात. स्वच्छ हातांनी वळून बारीक करावा, कान वर-मागे ओढून आत घालावा आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. आणि ज्यांनी हौसेने सायलेन्सर काढून टाकला आहे, त्यांनी तो आजच बसवावा!

सगळा बहिरेपणा मात्र एका जातीचा नसतो. मळ घट्ट बसला असेल तर तो काढताच ऐकू येते. पडद्याला भोक असेल किंवा कानातले इवलेसे हाड आखडले असेल, तर शस्त्रक्रियेने सुधारणा होऊ शकते. पोराचा कान वाहत असेल तर 'वयाबरोबर थांबेल' म्हणून बसू नये. कानात कढवलेले तेल, काडी, हेअरपिन काही घालू नये. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे आणि ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणतपासणी करून घ्यावी.

आवाजाने मेलेल्या पेशींना अजून गोळी नाही, इंजेक्शन नाही. तेथे श्रवणयंत्र लागते. ते पुष्कळ घरांत कपाटात पडलेले असते, कारण पहिल्या दिवशी भांड्यांचा आवाजही कानठळ्या बसवतो. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला घरात, शांत वेळी तास-दोन तास लावावे, मग वेळ वाढवावा. तरीही खटकले तर ज्याने बसवले त्याच्याकडून ते जुळवून घ्यावे. आंघोळीला आणि फवारणीला जाताना काढून ठेवावे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असेल आणि उत्पन्न अटीत बसत असेल, तर केंद्राच्या १९८१ पासूनच्या 'एडिप' योजनेतून यंत्र मिळू शकते. जिल्हा रुग्णालयात विचारावे.

एक गोष्ट मात्र वेगळी. रात्री चांगले ऐकू येत होते आणि सकाळी एक कान बंद झाला, तर मळ असेल म्हणून थांबू नये. त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जावे. या प्रकारात औषधाचा गुण येतो तो पहिल्या काही दिवसांत. पेरणी चालू असली तरी ती भावाच्या स्वाधीन करून निघावे.